बेरीज बरोबर, पण व्हाउचर दोनदा

नमस्कार. वय 63, मुक्काम नाशिक. बँकेत 34 वर्षं काढली, शेवटी हेड कॅशियर होते. मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात टोरांटोला असतात. दर रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री नऊला, ते तिघं डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन फासे टाकत खेळायचा खेळ, खेळतात आणि मी इकडून व्हिडिओवर चहा पीत बघते. आता नातीने हट्टच धरलाय, आजी तूपण खेळ. मुलगा डीएम आहे, म्हणजे खेळ चालवणारा. तो म्हणाला, कॅरेक्टर तयार करून ठेव. पुण्याच्या भाच्याने त्याच्याकडचं पुस्तक पाठवलं, मुलाने काही पानं व्हॉट्सअॅपवर पाठवली. दोन्ही समोर ठेवून मी हाय एल्फ विझर्ड केली, म्हणजे एल्फ वंशाची जादूगार. बॅकग्राउंड, म्हणजे तिचं आधीचं आयुष्य, सेज, विद्वानाचं. माझ्या हिशेबाने तिचं इंटेलिजन्स 18. मुलगा म्हणतो 17, भाचा म्हणतो 16. नातीच्या कागदावर मात्र 18 आहे आणि तिला कोणी काही विचारत नाही! हिट पॉइंट्स, म्हणजे ती किती मार सोसेल तो आकडा, मी 20 लिहिले तर मुलगा खो-खो हसला. मंत्र सहा, चार की दोन, ते अजून कळलेलं नाही. आणि भाच्याच्या पुस्तकातून मिळालेली तलवार मुलाने खोडून टाकली. आयुष्यात कधी रोकड जुळल्याशिवाय घरी गेले नाही, आणि इथे एक फॉर्म तीनदा भरूनही चुकतोय. वाटतं सांगून टाकावं, तुम्ही खेळा, मी आपली बघते.

— तलवार गमावलेली आजी

काकू,

तुमच्या बेरजेत चूक नाही. एकाच रकमेची दोन व्हाउचर्स तुमच्या हातात आली, एक जुन्या नियमाचं, एक नव्या, आणि तुम्ही दोन्ही पोस्ट केलीत. कॅशियर बाईंची यात काय चूक? व्हाउचर देणाऱ्यांनी तारीख सांगायला हवी होती.

भाच्याचं पुस्तक 2014 चं असणार आणि मुलाने पाठवलेली पानं 2024 ची. दोन्ही पुस्तकांचं नाव एकच, ‘प्लेयर्स हँडबुक’. दोन्हींत तेच बारा क्लास, म्हणजे विझर्डसारखे पात्रांचे पेशे, त्याच सहा क्षमता, तेच वीस बाजूंचे फासे. विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने नव्या पुस्तकाला सरळ ‘सहावी आवृत्ती’ म्हटलं असतं तर तुमचा आठवडा वाचला असता. पण ती पाचवीचीच सुधारणा आहे असं धरून चालायचं, म्हणून नाव बघून काही कळत नाही. मी कोणाचीही शीट, म्हणजे पात्राचा कागद, हातात घेतली की आधी विचारतो, पुस्तक कुठल्या सालचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता तो 16, 17, 18 चा घोळ. तुम्ही ठरलेले सहा आकडे घेतलेत, 15, 14, 13, 12, 10, 8, आणि 15 इंटेलिजन्सला दिलेत, हे तुमच्या हिशेबावरून दिसतंय. त्यावर काही वाढीव गुण मिळतात. 2014 मध्ये हे वाढीव गुण तुमच्या वंशाकडून यायचे. एल्फ असाल तर डेक्स्टेरिटीत 2, त्यातही हाय एल्फ असाल तर इंटेलिजन्समध्ये 1. म्हणून भाच्याचे 16. त्या पुस्तकात बॅकग्राउंड एकही गुण देत नाही, कौशल्यं, भाषा, थोडं सामान असलं काही देतं. 2024 मध्ये हे खातंच दुसऱ्या टेबलावर गेलं. ‘रेस’ शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला, आणि स्पीशीज आता क्षमतांचे गुण देत नाही. ते देतं बॅकग्राउंड. सेजसाठी कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स आणि विस्डम ही तीन खाती उघडी आहेत. एकात 2 आणि दुसऱ्यात 1 टाका, नाहीतर तिन्हींत एकेक. मुलाने इंटेलिजन्समध्ये 2 टाकले, झाले 17. तुम्ही भाच्याकडचा 1 आणि मुलाकडचे 2 असे तीन घेतलेत.

हा बदल का झाला, तेही सांगतो, नाहीतर उगाच केल्यासारखा वाटेल. जन्मानेच कोणी हुशार आणि कोणी दांडगा, हे पुष्कळ खेळाडूंना खटकत होतं. ऑर्कच्या घरी जन्मलेल्या पोराला विद्वान व्हायचं असेल तर तो पहिल्याच दिवशी एल्फच्या मागे. आधी 2020 च्या एका पुरवणी पुस्तकाने हे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली, मग 2024 ला ते जन्मावरून उचलून आयुष्यात काय केलंत त्यावर नेले. मला विचाराल तर बरंच झालं. तुमची एल्फ हुशार आहे ती ग्रंथालयात वर्षं घालवली म्हणून.

आणि दोन्ही पुस्तकं मिसळायचीच असतील तर नव्या पुस्तकात त्याचा नियम आहे. जुन्या पुस्तकातला वंश घेतलात तर त्याचे वाढीव गुण सोडून द्यायचे. जुनं बॅकग्राउंड घेतलंत तर हव्या त्या क्षमतेत 2 आणि 1, किंवा तिघींत एकेक, आणि त्या बॅकग्राउंडला फीट, म्हणजे पात्राची एखादी खास खुबी, नसेल तर एक ओरिजिन फीट आपल्या पसंतीचं. म्हणजे कसंही फिरवा, रक्कम एकदाच जमा होते.

आता गंमत ऐका. ज्या 16 आणि 17 वरून घरात मतभेद झाले, त्यांचा खेळताना उपयोग एकच आहे. टेबलावर तो मोठा आकडा जवळपास कोणी वापरतच नाही. वापरतात तो मॉडिफायर. आकड्यातून 10 वजा करायचे, उरलेल्याचं निम्मं करायचं आणि अर्धा उरला तर तो खाली सोडायचा. 16 चा मॉडिफायर अधिक 3, 17 चाही अधिक 3. 18 ला मात्र अधिक 4, म्हणून मुलाने तो धरला. 17 चा फायदा दिसायला चौथी लेव्हल यावी लागते. तिथे दोन गुण वाढवता येतात, त्यातला एकच इंटेलिजन्सला टाकून 18 होतील आणि दुसरा दुसऱ्या कुठल्या अडलेल्या क्षमतेला लागेल.

मग तो मोठा आकडा ठेवलाच कशाला, असं तुम्ही विचाराल. बँकेत जुने लेजर नंबर नव्या सिस्टिममध्येही चालत राहतात ना, तसं आहे हे. 1974 साली खेळ पहिल्यांदा निघाला तेव्हा सहा बाजूंचे तीन फासे टाकून 3 ते 18 मधला आकडा यायचा. आजचं वजा दहा भागिले दोन हे गणित 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळ्या क्षमतांना सारखं लागू झालं. आकडा मागे राहिला, काम मॉडिफायर करतो.

तुमचे 20 हिट पॉइंट्स याच जागी अडकले. विझर्डला पहिल्या लेव्हलला 6 मिळतात, त्यात कॉन्स्टिट्यूशन मिळवायचं, आणि तुम्ही अख्खे 14 मिळवलेत. मिळवायचा होता मॉडिफायर, अधिक 2. एकूण 8. मुलाने हसायला नको होतं. नवीन माणसं ही चूक इतक्या वेळा करतात की मी शीट तपासताना आधी तोच चौकोन बघतो. माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या रात्री मी फायटर होतो आणि प्रोफिशियन्सी बोनसचे, म्हणजे शिकलेल्या गोष्टीला मिळणारे वाढीव, 2 फटका लागला का ते बघण्यातही मिळवत होतो आणि किती लागला त्यातही. तीन तास. टेबलावर कोणी काही बोललं नाही. माझ्याच बाजूने लढत होतो, त्यांना कशाला तक्रार असेल?

आता तुमची एल्फ एकदा मांडून दाखवतो, 2024 प्रमाणे. इंटेलिजन्स 15 अधिक 2, झाले 17, मॉडिफायर 3. कॉन्स्टिट्यूशनला मुद्दाम 14 ऐवजी 13 द्या, कारण सेजचा उरलेला 1 तिथे पडला की 14 होतील आणि मॉडिफायर 1 वरून 2 वर जाईल. तोच गुण 14 वर टाकला असता तर 15 झाले असते आणि मॉडिफायर जागचा हलला नसता. विषम आकड्यावर गुण टाका, सम आकड्यावर तो नुसता बसून राहतो. मोकळे झालेले 14 डेक्स्टेरिटीला, 12 विस्डमला, 10 करिष्माला आणि 8 स्ट्रेंग्थला. हिट पॉइंट्स 8. अंगावर चिलखत नाही, म्हणून आर्मर क्लास, म्हणजे तुम्हाला फटका लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा, 10 अधिक डेक्सचे 2, एकूण 12. तुमच्या मंत्रापासून सुटायला समोरच्याला 8 अधिक 2 अधिक 3, म्हणजे 13 किंवा जास्त आणावे लागतील. त्यातले मधले 2 म्हणजे प्रोफिशियन्सी बोनस, पहिल्या चार लेव्हलला सगळ्यांना सारखाच.

कौशल्यांत एक खड्डा आहे. सेजकडून अर्काना आणि हिस्टरी मिळतात, आणि विझर्डच्या यादीतही ही दोन्ही आहेत. दोन्हीकडून घेतलीत तरी बोनस एकदाच, अर्कानाला 3 आणि 2 मिळून 5. तेव्हा विझर्डच्या यादीतून दुसरी दोन उचला, इन्व्हेस्टिगेशन आणि इनसाइट चांगली. भाषांचंही तसंच. जुन्या पुस्तकाने तुमच्या एल्फला एकूण पाच भाषा दिल्या असत्या, नव्यात कॉमन आणि वर दोन, एवढंच.

मंत्रांवर जरा थांबतो, कारण सहा, चार आणि दोन हे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. घरातल्या कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

तुम्हाला बँकेच्या भाषेत लगेच बसेल. मंत्रांच्या वहीत पहिल्या लेव्हलचे सहा मंत्र लिहिलेले आहेत. ही तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी. त्यातल्या चौघांना आज तुम्ही लाभार्थी म्हणून नोंदवलंय. पैसे जातील ते फक्त या चौघांना. हे झाले चार तयार मंत्र. आणि चेकबुकात पानं आहेत दोन. ते स्लॉट. दोन्ही चेक एकाच लाभार्थ्याच्या नावे फाडा किंवा दोघांना एकेक द्या, पण पानं संपली की संपली. रात्रभर झोप झाली की नवं चेकबुक आणि हवी तर लाभार्थ्यांची नवी यादी. मधे तासभर टेकलात तर विझर्डला दिवसातून एकदा एक पान परत मिळतं, मुलगा ते ‘अर्केन रिकव्हरी’ म्हणेल.

कॅन्ट्रिप नावाचे छोटे मंत्र म्हणजे खिशातली सुट्टी नाणी. कितीही वेळा काढा, संपत नाहीत, चेक लागत नाही. विझर्ड म्हणून तीन. इथे नव्या पुस्तकात तुमची चंगळ आहे. सेज बॅकग्राउंडसोबत ‘मॅजिक इनिशिएट’ नावाचं फीट येतं, त्याची दोन कॅन्ट्रिप वेगळी. हाय एल्फ म्हणून आणखी एक, प्रेस्टिडिजिटेशन, दिवा विझवायला, डाग काढायला, जेवण गरम करायला. ती रात्रीच्या झोपेनंतर दुसऱ्या कॅन्ट्रिपने बदलताही येते. सगळी मिळून सहा. भाच्याच्या पुस्तकात हाय एल्फ विझर्डला चारच मिळतात, तेव्हा त्याने चार मोजली असतील तर तोही चुकलेला नाही.

मॅजिक इनिशिएट वर एक पहिल्या लेव्हलचा मंत्रही देतं, जो दिवसातून एकदा चेक न फाडता जातो आणि कायम तयार असतो. तिथे ‘मेज आर्मर’ घ्या, माझं ऐका. चिलखत न घालता आर्मर क्लास 12 वरून 15 होतो, आठ तास टिकतो आणि तुमची दोन्ही पानं शाबूत राहतात. आठ हिट पॉइंट्सच्या बाईला हे पाहिजेच. चार लाभार्थ्यांत ‘मॅजिक मिसाइल’ असू द्या. त्याला फासा टाकून नेम बघावा लागत नाही, तीन बाण जातात आणि तिन्ही लागतात. पहिल्याच दिवशी वीस बाजूंच्या फाशावर 3 पडून अख्ख्या घरासमोर मंत्र फुकट जाण्यापेक्षा हे बरं.

तलवारीचं मला खरंच वाईट वाटलं. जुन्या पुस्तकात हाय एल्फला लाँगसोर्ड चालवायचं शिक्षण जन्माबरोबरच मिळायचं. नव्यात ते गेलं, त्याच कारणाने, जन्माच्या नावावर कमी आणि शिक्षणाच्या नावावर जास्त. विझर्डला साधी हत्यारं येतात; लाँगसोर्ड त्यात बसत नाही. पण क्वार्टरस्टाफ बसतो, म्हणजे सरळ आपली काठी. आणि सहा कॅन्ट्रिपपैकी एक ‘ट्रू स्ट्राइक’ ठेवा. नव्या पुस्तकात ही कॅन्ट्रिप हत्यार स्ट्रेंग्थऐवजी तुमच्या इंटेलिजन्सने चालवू देते. म्हणजे 8 स्ट्रेंग्थची एल्फ काठी उगारेल तेव्हा फाशात 5 मिळवेल आणि एका हाताने सहा बाजूंच्या फाशावर, दोन्ही हातांनी धरली तर आठ बाजूंच्या फाशावर 3 मिळवून मार देईल. जुन्या पुस्तकातली ट्रू स्ट्राइक वेगळीच आणि बिनकामाची होती, भाचा नाक मुरडेल. त्याला मुरडू द्या.

राहिली नात. ती अजून चौथ्या लेव्हलला पोचली नसेल तर तिचे 18 कुठून आले त्याला दोन वाटा आहेत. तिने 16 वर बॅकग्राउंडचे 2 किंवा 17 वर 1 टाकला असेल, किंवा फासे टाकून थेट 18 आले असतील. पण ठरलेल्या आकड्यांत 16 किंवा 17 नाहीतच, 15 वर यादी थांबते, म्हणजे दोन्ही वाटा फाशांकडेच जातात. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, असं सहा वेळा. सहा प्रयत्नांत निदान एकदा 18 येणं साधारण अकरा जणांतून एकाच्या नशिबी असतं, तेव्हा तिने आरडाओरडा केला असेल आणि मुलाला नाही म्हणता आलं नसेल. तिसरीही एक पद्धत आहे, 27 गुण घेऊन आकडे विकत घ्यायचे. 13 पर्यंत एकेका पायरीला एक गुण, 14 आणि 15 ला दोन-दोन. तुमचे ते ठरलेले सहा आकडे म्हणजे या 27 गुणांचीच एक तयार खरेदी आहे, बेरीज करून बघा, जुळते. नातीशी बरोबरी करायची असेल तर मुलाला म्हणा, मलाही फासे टाकू दे. मी असतो तर ठरलेले आकडेच ठेवले असते. फाशांची सरासरी बाराच्या जरा वर येते, तुमच्या सहा आकड्यांची नेमकी बारा, आणि फासे उलटे पडले तर वर्षभर ते वागवावं लागतं.

आता ते ‘तुम्ही खेळा, मी बघते’. हे पाठवू नका अजून. त्याऐवजी मुलाला एवढंच लिहा: “फक्त 2024 चं पुस्तक धरायचं ना? आणि आकडे ठरलेले की फासे?” ही दोन उत्तरं मिळेपर्यंत पेन्सिल उचलू नका. मग रविवारची वाट न बघता मधल्या एखाद्या दिवशी, नात शाळेत असताना, त्याच्याकडे अर्धा तास मागा आणि कागद कॅमेऱ्यापुढे धरून एकेक चौकोन त्याच्यासोबत भरा. चार जण ताटकळत असताना कागद भरायला बसलं की चांगल्या चांगल्यांचे हिशेब चुकतात. मार्चएंडला काउंटरपुढे रांग असताना काय व्हायचं ते तुम्हीच सांगा. डीएमलाही पटकन खेळ सुरू करायचा असतो, मग तो समजावण्याऐवजी खोडतो. तलवार बहुतेक अशीच गेली.

भाच्याचं पुस्तक परत देऊ नका, त्यातली चित्रं बघण्यासारखी आहेत. पण नियमांसाठी ते सध्या कपाटात जाऊ द्या. त्यात विझर्डला दुसऱ्या लेव्हललाच आपली शाखा निवडायला सांगतात, नव्यात सगळ्याच क्लासना ती तिसऱ्या लेव्हलला मिळते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत परत हाच वाद उभा राहील. नवीन पुस्तक विकत घ्यायचीही घाई नको. 2025 मध्ये कंपनीने ‘सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट’ची 5.2 आवृत्ती सगळ्यांना फुकट वापरायला खुली केली. त्यात चारच बॅकग्राउंड आहेत, पण सेज त्यांतलं एक आहे. एल्फ आहे, विझर्ड आहे. विझर्डची आणि सेजची पानं छापून आणा, बाकीचं स्क्रीनवर बघा.

शीट मात्र पेन्सिलनेच भरा, आणि हिट पॉइंट्सच्या चौकोनाशेजारी जागा मोकळी सोडा. 8 चे 3 व्हायला एक गॉब्लिन पुरतो.